कृपया बेडकांकडे दुर्लक्ष करावे

दार उघडत नसेल तर आधी कुलूप काढलं आहे का ते पाहावं. काढूनही उघडत नसेल तर पावसाळा चालू आहे असं समजावं, लाकूड फुगतं. खांदा लावून ढकलावं. खांदा डावा असावा, उजव्या अंगाला खिळा आहे.

हा उतारा माझ्या एकमेव प्रकाशित साहित्यकृतीतला आहे. प्रकाशित म्हणजे महाडला नेऊन लॅमिनेट करून आणलेली. वाचकवर्ग मर्यादित, एका वेळी फार तर आठ मोठी माणसं आणि दोन पोरं. पण याहून हुकमी वाचक कुठल्याही लेखकाला मिळत नाही. त्यांना दोन दिवस कुठे जाता येत नाही, मोबाइलला रेंज नाही आणि बाहेर पाऊस आहे. तरीही कोणी वाचत नाही, हा भाग वेगळा.

झालं असं की, आमच्या डोंबिवलीच्या पुतण्याने वीरच्या वडिलोपार्जित जागेत, पूर्वी गोठा होता तिथे, घर बांधलं. बांधून होईपर्यंत त्याला आम्ही बंगला म्हणत होतो. भाड्याने द्यायचं ठरल्यावर तो व्हिला झाला, मागे पोहायचा हौद खणल्यावर रिसॉर्ट झाला आणि दाराशी कुंड्यांमध्ये दोन पाम ठेवल्यावर ट्रॉपिकल झाला. त्या पामांना जागा हवी म्हणून दोन माड तोडले. "पाहुण्याच्या डोक्यात नारळ पडला तर केवढ्याला पडेल, काका?" असं पुतण्या म्हणाला. आमच्या डोक्यांचा हा हिशेब आजवर कोणी केला नव्हता.

'ट्रॉपिकल'ला मी हरकत घेतली. पुतण्याने नकाशा काढून मला गप्प केलं. कर्कवृत्त साडेतेवीस अंशांवर, आपलं वीर अठराच्या किंचित वर. म्हणजे आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या ट्रॉपिकल होतं आणि कोणी बोललं नव्हतं. नकाशा जरा सरकवून पाहिला तर अख्खा महाराष्ट्रच कर्कवृत्ताच्या खाली. नंदुरबारचा तलाठी ट्रॉपिकल, सोलापूरचा कंडक्टर ट्रॉपिकल. हे मी घरात सांगितलं तेव्हा आमची ही म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं मी रिसॉर्टात भांडी घासतेय? मग पगार कुठे आहे?"

पुतण्या त्याआधी बालीला जाऊन आला होता. तिथल्या व्हिलात टेबलावर ठेवलेली पाहुण्यांसाठीची सूचनापत्रिका त्याने येताना उचलून आणली होती. उचलून आणू नये, अशी सूचना तिच्यात शेवटून दुसरी होती. "काका, अशीच आपल्याला करायची. मराठीत. बालीच्या जागी वीर घाला, बाकी सगळं तेच." तुमचं अक्षर चांगलं आहे, असंही म्हणाला. जमिनीच्या व्यवहारात ज्याचं मत विचारलेलं नसतं, त्याला आमच्या घरात पूर्वीपासून चांगल्या अक्षराचा मान देतात.

बालीची पहिली सूचना होती, समुद्रावरून आल्यावर पायांची वाळू बाहेर धुवावी. इथेच माझी लेखणी अडली. सावित्री बाणकोटला जाऊन समुद्राला मिळते, पण ती मिळते तिकडे, आम्ही इकडे. जाहिरातीत मात्र पुतण्याने समुद्राच्या वाऱ्याचा उल्लेख करून टाकला होता. वारा समुद्रावरूनच येतो, हे त्याचं म्हणणं जून ते सप्टेंबर खोडून काढता येत नाही. त्याचे परिणाम मात्र मला भोगावे लागतात.

"काका, समुद्र कुठल्या खिडकीतून दिसतो?"

"खिडकीतून रेल्वे दिसते."

"आम्ही समुद्राकडे तोंड असलेली खोली घेतलीय."

"तोंड तिकडेच आहे. मध्ये डोंगर आहेत."

मग ते नदीत डुंबायची तयारी करतात. टॉवेल खांद्यावर टाकून निघालेल्या माणसाला मला सांगावं लागतं, की सावित्रीत मगरी आहेत. महाडच्या आसपास काठावर ऊन खात पडलेल्या दिसतात, आणि त्या पाहायला पुलावर थांबायची आमच्या लोकांना सवय आहे. माझी कल्पना अशी की हे ऐकून माणूस टॉवेल ठेवून देईल. टॉवेल ठेवतो, पण मोबाइल घेतो. एका गृहस्थांच्या मुलाने तर मला विचारलं, "आजोबा, मगर किती वाजता येते?" मी म्हटलं, ती वेळ देत नाही. तर वडील म्हणाले, "निदान सकाळी की संध्याकाळी, तेवढं तरी सांगा. त्याप्रमाणे नाश्ता घेऊ." पुढच्या आवृत्तीत मी लिहिलं, 'मगरींचे दर्शन व्हिलाच्या भाड्यात समाविष्ट नाही.' त्यावर लगेच विचारणा झाली की वेगळे पैसे भरले तर किती.

पण मगरीपर्यंत पोहोचायला आधी वीरपर्यंत पोहोचावं लागतं, आणि माझ्या पत्रिकेतली सर्वांत मोठी सूचना त्याबद्दलच आहे. सुरुवातीला ती एका ओळीची होती, 'वीर येथे यावे.' एका शनिवारी दुपारी फोन आला.

"काका, आम्ही पोहोचलो. धरण दिसतंय, व्हिला कुठे दिसत नाही."

"धरण? आमच्याकडे धरण नाही."

"अहो, मोठं आहे. आणि म्हस्कोबाचं देऊळ पण आहे. छान आहे देऊळ."

"तुम्ही पुरंदर तालुक्यातल्या वीरला आहात. नीरा नदीवर. जिल्हा पुणे."

पलीकडे थोडी कुजबुज झाली. "मग जवळच असेल ना? नाव तर एकच आहे."

मी त्यांना रस्ता सांगितला. शिरवळवरून भोर, भोरवरून वरंध घाट, खाली उतरून बिरवाडी, मग महाड, मग वीर. यात सह्याद्री एकदा ओलांडायचा आहे, हे ओघात सांगितलं. पावसाळा असता तर तेही सांगता आलं नसतं, कारण दरडींमुळे वरंध घाट पावसात बऱ्याचदा बंद ठेवतात. ती मंडळी रात्री उशिरा आली. दमलेली होती, पण घाटावरचं आणि घाटाखालचं अशी दोन्ही वीर पाहून झाल्याचं समाधान होतं. अभिप्रायात लिहून गेले: 'धरण जास्त आवडले.'

तेव्हापासून सूचना अशी आहे: 'तालुका महाड, जिल्हा रायगड. धरण दिसल्यास मागे फिरावे.'

रेल्वेने येणाऱ्यांची तऱ्हा निराळी. महाड शहरातून रेल्वे जात नाही. महाडला उतरायचं म्हणजे बहुधा वीरला उतरायचं, हे मुंबईकराला पटवणं अवघड जातं. कोकण रेल्वेचा रोहा ते वीर हा टप्पा 1993 मध्ये सुरू झाला, तेव्हा पुढे गाडीच नव्हती. आम्ही रूळ संपतात तिथे राहणारी माणसं होतो आणि त्याचा आम्हाला थोडा गर्वही होता. पुढे 2021 साली दुहेरी मार्ग झाला, तोही रोह्यापासून वीरपर्यंतच. थोडक्यात, सगळं वीरपर्यंत येतं आणि थांबतं. थांबत नाहीत त्या मोठ्या एक्स्प्रेस गाड्या. वंदे भारतमधून येतो म्हणणाऱ्या पाहुण्याला मी आधी हात जोडतो आणि मग दिवा–सावंतवाडीचं नाव सांगतो. शिवाय कोकण रेल्वेला पावसाळ्याचं वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या सावकाश जातात, हे कळल्यावर एक बाई फार हळहळल्या. "म्हणजे पावसात उशिरा यायचं हे आधीच छापून देतात? आमच्या ऑफिसात असं हवं होतं."

रस्त्याने किती वेळ लागेल, या प्रश्नाला मात्र मी आकडा देत नाही. मुंबई–गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाचं काम 2011 साली सुरू झालं, तेव्हा पुतण्या अविवाहित होता. आता त्याची मुलगी मला मोबाइल वापरायला शिकवते. पत्रिकेत मी एवढंच लिहिलंय, 'निघताना डबा बरोबर घ्यावा.'

बालीच्या पत्रिकेत हौदाबद्दल दीड पान होतं. रात्री उतरू नये, उडी मारू नये, काचेचा पेला जवळ नेऊ नये. आमच्या हौदाचे प्रश्न वेगळे. वीर-महाडला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जुलैत हौद आपला आपण भरतो, आपला आपण वाहतो आणि त्यात बेडूक आपले आपण उतरतात. बेडकांनी अंगाला साबण न लावता उतरू नये, हा नियम लागू करणं मला जमलेलं नाही. रात्री ते ओरडतात. एका पाहुण्याने मध्यरात्री माझं दार वाजवून विचारलं, "काका, हा आवाज कुठून बंद होतो?" त्याने भिंतीवरची सगळी बटणं दाबून पाहिली होती. पंखा, दिवे, हौदाचा निळा दिवा. निळा दिवा लागल्यावर बेडकांना आणखी चेव आला होता. मी झोपेत म्हणालो, "ऑक्टोबरात." त्याला वाटलं, ऑक्टोबर नावाचं बटण आहे; परत जाऊन शोधलंन.

आणि एप्रिलात त्याच हौदाला पाणी विकत आणावं लागतं. महाड-पोलादपूरच्या वाड्यांना उन्हाळ्यात टँकर लागतात, हे इथल्या कोणालाही नवीन नाही. सरकारी टँकरचं गणित माणशी दिवसाला वीस लिटर. आमचा हौद साठ हजार लिटरचा. पुतण्याने पहिल्या उन्हाळ्यात खासगी टँकर मागवून तो भरला, तेव्हा आजूबाजूच्या बाया डोक्यावर हंडे घेऊन कुंपणापाशी येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. त्यातली एक वयस्क बाई बराच वेळ त्या निळ्या पाण्याकडे पाहत होती. शेवटी म्हणाली, "पवताना कपडं घालत्यात ना? मग थोडा साबण लावूनच उतरा म्हनावं. धुनं पन होईल." त्या उन्हाळ्याच्या राहिलेल्या दिवसांत हौद कोरडा ठेवला. त्यात खुर्च्या टाकून संध्याकाळी बसता येतं, गार लागतं. जाहिरातीतला फोटो जुलैचाच आहे.

बालीवाल्यांनी डासांसाठी मलम सुचवलं होतं. मी त्याला विंचवाची जोड दिली. कोकणात लाल विंचू आहे, तो बुटात बसतो आणि बूट न झटकता पाय घालणारा माणूस मुंबईचाच असतो. इथे मात्र आमच्याकडे बालीपेक्षा मोठी गोष्ट आहे. लाल विंचवाच्या दंशाने माणसं दगावत, तेव्हा बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातले डॉक्टर हिंमतराव बावस्कर ते जवळून पाहत होते. रक्तदाबावरचं प्राझोसिन हे औषध त्यावर गुण देतं, हे त्यांनी महाडात राहून दाखवून दिलं, परदेशातल्या नामवंत नियतकालिकांत त्यावर लिहिलं आणि 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. आमच्या माणसांना याचा इतका अभिमान आहे, की तो कुठे दाखवावा याचं भान राहत नाही. एका बाईंनी आमच्या गड्याला काळजीने विचारलं, "इथे विंचू तर नाहीत ना?"

"हायत की! पन काळजी नाय. त्याचं औषध महाडच्याच डॉक्टरनं शोधलंय. जगात कुटं चावला तरी आपलंच औषध लावत्यात."

बाई फिकट पडल्या. गड्याला वाटलं, यांना विश्वास बसला नाही. म्हणून तो एक विंचू पकडून दाखवायला निघाला. त्याला मी फाटकाबाहेर गाठला.

मग गरम पाणी. जरा वारा सुटला की लाईट जाते, लाईट गेली की गिझर जातो आणि गिझर गेला की पाहुण्याचा ट्रॉपिकलपणा जातो. मी नम्रपणे सांगतो की महाडजवळ सव गावी सावित्रीच्या काठाला गरम पाण्याचे झरे आहेत. ते लाईटवर चालत नाहीत. "जाकुझी आहे का तिथे?" मी म्हटलं, आहे, पण त्याला आम्ही कुंड म्हणतो आणि त्यात आधीच तीन म्हातारे सांधे शेकत बसलेले असतात. पाहुण्यांनी जागा ठरवून ठेवता येईल का, असं विचारलं. म्हाताऱ्यांना मी अजून विचारलेलं नाही.

जेवणाबद्दल लिहिताना माझ्यावर आमच्या हिचा पहारा होता. पाहुण्यांना चुलीवरचं हवं असतं. आमच्याकडे गॅस येऊन इतकी वर्षं झाली, की चूल मांडायला जुन्या माणसाला बोलवावं लागलं. आता पाहुण्यांची गाडी वळणावर दिसली की ही चूल पेटवते, डोळे पुसते आणि तांदळाच्या भाकऱ्या थापते. पाहुणे धुरात उभे राहून, खोकत खोकत, काय चव आहे म्हणतात. ते हौदाकडे गेले की ही आत जाऊन आमचा दोघांचा चहा गॅसवर टाकते. हिवाळ्यात वालाच्या शेंगांची पोपटी लावली, मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घातला, तर एकाने विचारलं की हा पाला कुठून मागवता. शेताच्या बांधावरून, म्हटलं. त्याला ते स्वस्तातलं वाटलं असावं. त्याने शेंगा खाल्ल्या नाहीत. त्याच्या पोरांना पाकिटातल्या शेवयाच हव्या होत्या. त्या मात्र चुलीवर करून हव्या होत्या.

फोटोचा मुद्दाही आहे. आमची ही घरात गाऊन घालते, त्यावर खांद्याला टॉवेल. महाडपासून पोलादपूरपर्यंत निम्म्या बाया असंच घालतात, कारण ते सोयीचं आहे. पण पाहुण्यांना भाकरी थापणारी बाई लुगड्यात लागते. पुतण्याने फोनवरून तसं सुचवलं.

"काकू, फक्त शनिवार-रविवार."

"चालेल. भाकरीचे वीस, लुगड्याचे शंभर. नथ घातली तर दोनशे. आणि तू येशील तेव्हा धोतर."

विषय तिथे मिटला. पत्रिकेत ओळ आली, 'स्वयंपाकघरातील वेशभूषा ऋतुमानानुसार राहील.'

शिमग्यात आलेल्या मंडळींसाठी मी वेगळी सूचना करायला हवी होती, हे नंतर लक्षात आलं. गावची पोरं तोंडं रंगवून, डबे वाजवत पोस्त मागायला व्हिलात शिरली. आत शांततेसाठी आलेलं एक नवविवाहित जोडपं होतं. त्याने घाबरून पाकीट, घड्याळ आणि गाडीची किल्ली पुढे केली. पोरांनी पाकिटातले वीस रुपये घेतले, बाकीचं परत दिलं आणि पावती फाडली. पावती पाहून त्याला जास्तच धक्का बसला.

रायगड पाहायला जाणाऱ्यांना मी पहाटे निघायला सांगतो. ते अकराला निघतात. रोपवे हिरकणीवाडीतून सुटतो. बाळासाठी रात्री कडा उतरून घरी गेलेल्या हिरकणीच्या नावाच्या वाडीतून आमचे पाहुणे काही मिनिटांत वर पोहोचतात, आणि संध्याकाळी मला विचारतात, "काका, पाय चेपून देणारं कोणी मिळेल का?" बालीच्या पत्रिकेत त्याची आख्खी यादी होती, तेलांच्या नावांसह. आमच्या गड्याने एकदा चेपून दिले. त्याचा हात बैलांवर बसलेला आहे. पाहुणे दुसऱ्या दिवशी खरोखरच हलके होऊन चालत होते. म्हणजे पाय जमिनीला टेकवतच नव्हते.

असं करत करत बालीची सहा पानं माझ्या हातून अकरा झाली. बाली आता फक्त पहिल्या पानावर, 'सुस्वागतम्' या शब्दापुरती उरली आहे. पुतण्याला ती लांब वाटते. त्याचं म्हणणं, पाहुणा घाबरतो. त्यातल्या मगरी, विंचू, फुरशी आणि खिळा काढून टाका. "मग राहिलं काय?" मी विचारलं. "पाम," तो म्हणाला. ते दोन पाम एव्हाना शेजारच्या गाईने खाल्ले होते. हे त्याला कोणी सांगायचं, यावर आमच्या घरात तेव्हा चिठ्ठ्या टाकणं चालू होतं.

गेल्या मे महिन्यात ठाण्याच्या एका गृहस्थांचा फोन आला. जुलैत यायचं म्हणाले, दहाजण, खास पाऊस पाहायला. मी सवयीने सांगायला सुरुवात केली: दार, खिळा, बेडूक, डावा खांदा. त्यांनी मला मध्येच थांबवलं.

"ते सगळं ठीक आहे. पैसे भरायच्या आधी एकच विचारतो. शनिवारी दुपारी पावसाची खात्री देता का?"

"देतो की."

"नक्की?"

"येण्याची देतो. थांबण्याची नाही."

ते म्हणाले, असंच लिहून द्या. बाराव्या पानाला मी त्याच संध्याकाळी सुरुवात केली.